सव्वीस दिवसांचं गवत

मी सव्वीस दिवस गवताला पाणी घातलं. भात समजून. नुसतं पाणी नाही, चिमूट चिमूट खतही घातलं आणि रोज एक याप्रमाणे त्याचे फोटो काढून नाशिकच्या ऑफिसात पाठवले. फोटोखाली लिहायचो, 'रोपांची वाढ जोमदार.' वाढ जोमदार होती, त्यात खोटं काही नव्हतं.

माझ्यासारख्या माणसाच्या हातून हे व्हायला नको होतं, असं मला अजून वाटतं. मी ओझरच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो. पस्तीस वर्षं एकच काम, दुसऱ्याने बनवलेल्या सुट्या भागात चूक शोधायची. केसाच्या जाडीचा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखतो, अशी फुशारकी मारायचो. भिंग खिशात असायचंच, ती गोष्ट वेगळी. निवृत्त झाल्यावर मी घरातल्या चुका शोधायला लागलो. डबे उंचीप्रमाणे नाहीत, पोळ्या गोल आहेत पण एका मापाच्या नाहीत. दीड महिन्यात बायको म्हणाली, "बाहेर काहीतरी काम बघा. पगार नसला तरी चालेल. लांबचं असलं तर उत्तम."

म्हणून मी त्या संस्थेत गेलो. शेतीतून हवेत जो धूर जातो, जे वायू जातात, ते कमी व्हावेत म्हणून शेतकऱ्यांनी वेगळ्या पद्धती धराव्यात आणि धरताना एकटे पडू नयेत, असं काहीसं त्यांचं काम. त्यांना इगतपुरी तालुक्यात भातवाल्यांबरोबर राहणारा, मोटरसायकल असलेला आणि मराठीत अहवाल लिहू शकणारा माणूस हवा होता. तिथल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "शेतीचा अनुभव?"

"शेतकऱ्याचाच मुलगा आहे." हे खरं होतं. निफाडकडे वडिलांची द्राक्षबाग होती. मी त्या बागेत मुख्यत्वे द्राक्षं खाल्ली.

"भाताचा?"

"रोज दोन वेळा."

मॅडम हसल्या आणि मला नोकरी मिळाली. तिथंच नाकारलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण हसवणाऱ्या माणसाला काम येतं असा सगळ्यांचाच समज असतो.

घोटीत एक खोली घेतली. तिथून पुढे अर्ध्या तासावर, डोंगराला टेकलेली एक वाडी मला दिली होती. काम एवढंच, की लोकांनी राब भाजणं सोडावं म्हणून मदत करायची. राब म्हणजे काय, हे मला स्वतःला चार दिवस आधी कळलं होतं. भाताचं बी आधी एका छोट्या तुकड्यात दाट पेरतात आणि रोप वीतभर झालं की उपटून खाचरात एकेक करून लावतात. त्या लावण्याला तिकडे आवणी म्हणतात. तर बी पेरायचा तो छोटा तुकडा उन्हाळ्यात भाजून काढायचा, तो राब. खाली शेण पसरायचं, वर झाडांचे तोडलेले टहाळे, त्यावर वाळलेलं गवत आणि पालापाचोळा, सगळ्यात वर बारीक माती. मग पेटवून द्यायचं. दिवसभर धुमसतं. ऑफिसने दिलेल्या पत्रकात राबावर चार ओळी होत्या आणि चारही तक्रारीच्या. धूर होतो, डोंगर बोडका होतो, शेणखत जळून जातं, आणि चौथी मला आता आठवत नाही.

पण मला प्रश्न पडला, की ज्यात एवढा तोटा आहे ते हे लोक इतक्या पिढ्या का करत असतील? तिकडची माणसं काही कमी हिशोबी नसतात. म्हणून मी पत्रक खिशात ठेवलं आणि पहिल्याच दिवशी एका ओट्यावर जाऊन बसलो. ओट्यावर एक सत्तरीचे बाबा तंबाखू मळत बसले होते.

"बाबा, राब कशाला भाजता?"

"भाजल्याबगर रोप येत नाय."

"का येत नाही?"

"तुमी कुठले?"

"निफाडकडचा."

"द्राक्षवाले. मंग द्राक्षाला छाटणी का करता?"

"छाटल्याशिवाय घड येत नाहीत."

"का येत नाय?"

बाबांनी तंबाखू तोंडात टाकली.

पण मीही चिवट. वहीत लिहीत लिहीत विचारत गेलो. वर बारीक माती कशाला? "जाळ उडू नये म्हणून. खालून शेकलं पायजे. भाकरी तुमी जाळावर शेकता का निखाऱ्यावर?" पेटवताना वाऱ्याकडे तोंड का? "पळत जळालं तर वरवर जळतं. आस्ते जळालं का मातीतलं गवताचं बी मरतं, किडा-मुंगी मरती." राखेचं काय होतं? "रोप उपटताना मूळ मोकळं येतं. न भाजलेल्या जमिनीतलं उपटून बघा, मुळ्या तुटत्यात." मला ते सगळं इतकं आवडलं की मी एकेक वाक्य वहीत उतरवून त्याखाली रेघा मारल्या. 'मातीतलं गवताचं बी मरतं' याखाली तर दोन रेघा. रेघा मारल्या की गोष्ट समजली, असं मला शाळेपासून वाटत आलंय.

नऊ प्रश्न झाले. दहावा विचारणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "तुमी राब बंद कराया आलाय का शिकाया?"

आतून हसण्याचा आवाज आला. त्यांची सून दाराआडून सगळं ऐकत होती. मी तिला ताई म्हणायला लागलो, ती मला सर. घरात पाच माणसं. बाबा, ताई, दोन मुलं आणि नवरा. तो इगतपुरीला रेल्वेत कंत्राटी कामावर, चार दिवसांनी घरी यायचा. शेतीचं सगळं सासरा-सुनेवर.

ताई पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "सर, तुमच्या नव्या पद्धतीत टहाळ लागतो का?"

"नाही."

"शेण जाळाया लागतं?"

"अजिबात नाही. ते कुजवायचं, त्याचं खत करायचं, उंच गादीवाफा करून त्यात बी पेरायचं."

"म्हंजी डोंगरावर जायाचं नाय?"

"नाही."

"करते मी."

मी हवेबद्दल, धुराबद्दल, तापमानाबद्दल जे पाठ करून आलो होतो ते सुरू केलं. तिने दोन वाक्यं ऐकून घेतली. मग मानेवरचा पदर जरा बाजूला केला. मानेला पट्टा होता, औषधाच्या दुकानातला, मळून तपकिरी झालेला. दर चैत्रात टहाळ्यांचे भारे डोक्यावरून उतरवायचं काम तिचं. किती भारे, विचारलं तर म्हणाली, "मी नाय मोजत, मान मोजती. हवेचं तुमी बघा सर, मला मानेचं बघू द्या."

बाबांनी त्यात ना म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. त्यांची चार खाचरं. वरच्या दोनांत पाणी ठरत नाही, खालची दोन चांगली. घराला वर्षभर खायला लागतं ते भात या खालच्या दोनांतलंच. बाबा म्हणाले, "वरच्या दोनांपुरता राब मी भाजणार. खालची दोन तुझी. रोप कमी पडलं तर माझ्या राबात हात घालायचा नाय. आन खाचर पडीक राह्यलं तर फुडल्या चैतात गपगुमान डोंगरावर."

"चालंल," ताई म्हणाली.

"काळजी करू नका," मी म्हणालो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी हे वाक्य एकाही सुट्या भागाबद्दल बोललो नव्हतो.

वाफा आम्ही दोघांनी केला. म्हणजे तिने केला, मी मापं दिली. चार बोटं उंच, काठ सरळ, पाणी जायला कडेने चर. बी मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगलेलं पोचट काढून टाकलं. ओळीत पेरलं. मग मी चारी कोपऱ्यांना काठ्या रोवल्या, सुतळी बांधली आणि पाटी लावली, 'प्रात्यक्षिक वाफा. हात लावू नये.' पाटीवरचं अक्षर माझंच. फार सुरेख आलं होतं.

चौथ्या दिवशी हिरवी टोकं वर आली. मी फोटो काढत होतो. ताई उकिडवी बसून बघत होती.

"सर, भात एवढ्या लवकर येत नाय."

"गादीवाफ्यात उगवण लवकर होते, ताई. पत्रकात आहे."

"हे मला गवत दिसतंय." तिने एक उपटायला हात घातला.

"अहो, हात नका लावू, निरीक्षण बिघडेल." मी मोबाइलवर भाताच्या रोपाचा फोटो काढून तिच्यापुढे धरला. ती एकदा मोबाइलकडे बघे, एकदा वाफ्याकडे. त्या वयात सगळीच हिरवी पोरं सारखी दिसतात.

"मंग असंल," ती म्हणाली. मोबाइलमध्ये आहे म्हटल्यावर तिनं वाद घातला नाही. मी मात्र त्या वेळी भिंग खिशातून काढलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. बहुतेक पाटी लिहिल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली, पेठकडे. भावजयीचं बाळंतपण होतं. जाताना म्हणाली, "वाफा तुमच्यावर हाय सर." मीही छाती पुढे काढून हो म्हणालो.

आता सांगतो मी काय काय केलं. मधे पावसाने ओढ दिली, तर हापशावरून झारीने पाणी आणलं. रोज सकाळी स्टीलची पट्टी लावून उंची घेतली, मिलिमीटरमध्ये. वहीत तक्ता केला. रोपाला पिवळेपणा वाटला म्हणून खत दिलं, तर ते दोन दिवसांत असं तरारलं की मी स्वतःची पाठ थोपटायचा बाकी होतो. मॅडमचा मेसेज आला, 'खूप छान, इतर गावांना दाखवायला फोटो वापरते.' मी तो मेसेज बायकोला पाठवला. तिने एक अंगठा पाठवला.

बाबा ओट्यावरून हे सगळं बघत असायचे. एकदा त्यांनी विचारलं, "काय मापता?"

"उंची."

"कशाची?"

"रोपाची."

"बरं," बाबा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. माझ्या मनात आलं, म्हातारा खालून वर चढणारं रोप बघून जळतोय.

सव्विसाव्या दिवशी ताई परत आली. पिशवी खांद्यालाच होती, घरात न जाता सरळ वाफ्याकडे आली. मी बाजूला झालो, जसं एखादं पडदा लावलेलं काही दाखवायचं असतं तसा. ती बसली. दोन्ही हातांनी हिरवळ अलगद दोन बाजूंना सारली, जशी आई पोरीच्या डोक्यात बघते.

"सर, यात भात कुठंय?"

मी हसलो. ती हसली नाही.

तिने एक ताट उपटून माझ्या हातात दिलं. मग आतून, खालून, पिवळट पडलेलं, दुबळं असं दुसरं उपटलं आणि दुसऱ्या हातात दिलं. "हे भात. ते गवत. त्याचा बुडखा बघा, लाल हाय. पान उलटं चोळा."

चोळलं. गवताचं पान बोटाखालून सुळकन गेलं. भाताचं पान बोट धरत होतं.

तेव्हा कुठे मी भिंग काढलं. गुडघे चिखलात टेकून वाफ्यात नाक घातलं. भाताच्या पानाच्या बेचक्यात एक पातळ पांढरा पापुद्रा असतो, आणि दोन बाजूंना बारीक केस, पापण्यांसारखे. गवताच्या बेचक्यात काही नाही, कोरं. इतकं स्पष्ट की कारखान्यातल्या पहिल्या महिन्याच्या मुलानेही पकडलं असतं. सांगायला लाज वाटते, पण ते बघताना मला क्षणभर मजा वाटली. मी म्हणालो, "अहो ताई, काय सुंदर आहे हे."

"माझी दोन खाचरं हायती सर," ती म्हणाली.

मग मी भिंग ठेवलं.

बाबा ओट्यावरून उतरून आले. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"सातव्या दिसापासून."

"मग बोलला का नाही?"

"पाटी लावलीती तुमी, हात लावू नये. मला वाटलं तोंड बी लावू नये. आन तुमी पट्टीनं मापत होता, पाणी घालत होता. मला वाटलं, आसंल बाबा, सरकारचं काय गवताचं बी काम निघालं आसंल."

वाफ्यातलं भात वेचून काढलं तर अर्ध्या खाचराला पुरेल एवढंच भरलं. दीड खाचर रिकामं. गवताचे भारे ताईने म्हशीला घातले. माझ्या हाताखाली जिचा खरोखर फायदा झाला अशी त्या वर्षीची लाभार्थी ती म्हैस.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते सगळे फोटो?"

"गवताचे."

"मी ते तीन गावांत दाखवलेत." मग म्हणाल्या, "ते मी निस्तरते. ताईंच्या खाचरांचं काय करताय?"

मला ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. खाचरांचं काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

ताईला माहीत होतं. गावात कुणाकडे ना कुणाकडे रोप उरतं. पण आपली आवणी पुरी झाल्याशिवाय कुणी मूठभर रोप हलवत नाही, आणि ते मागायची पद्धत म्हणजे आधी त्यांच्या खाचरात कामाला जायचं. आज तुमच्यात मी, उद्या माझ्यात तुम्ही. आवणी लवकर उरकली तर रोप लवकर सुटणार. म्हणून ताई दुसऱ्या दिवशी पहाटेच पावसासाठी इरलं घेऊन निघाली. मी मागे.

"तुमी कुठं?"

"वाफा माझ्यावर होता."

तिने माझ्या पॅन्टकडे बघितलं. "गुडघ्याच्या वर घ्या."

पाच घरच्या खाचरांत मी अकरा दिवस आवणीला गेलो. आवणी करणारी माणसं मागे मागे सरकत जातात, लावलेली ओळ डोळ्यासमोर राहावी म्हणून. मी पहिल्याच तासाला मागे सरकता सरकता चिखलात बसलो, आणि बसलो तो माझ्याच ओळीवर. बाया हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "सरांनी नवीन पद्धत काढली, बूड रोवायची." दुसऱ्या दिवसापासून मला आवणीतून काढून रोपाच्या जुड्या वाहायला दिल्या. तिकडच्या पावसात उभं राहिलं की कुणी वरून घागरी ओततंय असं वाटतं, आणि त्यात जुडी डोक्यावर. तिसऱ्या दिवशी माझी मान धरली. ताईने काही न बोलता आपला जुना पट्टा आणून दिला. तो बांधून मी आठ दिवस काम केलं आणि टहाळ्यांच्या भाऱ्याबद्दल मला पत्रकाच्या चार ओळींपेक्षा जरा जास्त कळलं.

रोप मिळालं, पण पाच घरचं. एकाकडे इंद्रायणी, दुसऱ्याकडे कुठलं तरी गावठी लाल, एकाकडचं नाव त्यालाच माहीत नव्हतं. खालची दोन खाचरं आठ-दहा दिवस उशिरा लागली, पण लागली. दिवाळीच्या सुमारास तिथे असा देखावा होता की रस्त्याने जाणारे थांबून बघत. एक पट्टा पिकून पिवळा, शेजारचा अजून दुधात, मधला कमरेएवढा, कडेचा गुडघ्याएवढा. कापणी तीन वेळा करावी लागली. भात घराला पुरण्यापुरतं आलं, पण शिजवलं तर निम्मं मऊ आणि निम्मं टचटचीत. ताईच्या मुलांनी वर्षभर ते खाल्लं. धाकटी मला बघितलं की म्हणायची, "आई, सरांचा भात नको."

खाचरं पडीक राहिली नव्हती. पण रोपही ताईचं नव्हतं. मग पैज कोण हरलं? यावर घरात महिनोन् महिने वाद. मला त्यात बोलायचा हक्क नव्हता, पण घोटीची खोली मी सोडली नव्हती. चैत्र लागला. बाबा कोयत्याला धार लावत बसले. ताई अंगणात उभी. मी ओट्यावर, नेहमीच्या जागी.

ताई म्हणाली, "आणखी एक साल द्या."

"कशाला? पुन्हा म्हशीला गवत?"

"गवतासाठीच म्हणते. सरांनी पाणी घातलं म्हणून ते आलं ना? मंग त्याला आधीच येऊ देऊ. वैशाखात न्हाणीचं पाणी वाफ्यावर सोडते. जे यायचंय ते येऊ द्या. वर आलं का माती उलथून कुळवून टाकते. पुन्हा पाणी, पुन्हा टाकते. दोनदा मेलं का मंग भात."

मी खिशातून पत्रक काढलं. का कोण जाणे, त्या दिवशी ते उलटं धरलं गेलं. मागच्या पानावर छापलेलं होतं, 'पेरणीपूर्वी वाफा दोन-तीन वेळा भिजवून उगवलेले तण काढून टाकावे.' वर्षभर पत्रक माझ्या खिशात होतं. मी पान उलटलं नव्हतं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. ताईने माझ्याकडे बघितलं आणि मी पत्रक परत घडी करून ठेवलं.

मग मी बाबांना विचारलं. शहाणपण म्हणून नाही, काहीतरी बोलायचं म्हणून. "बाबा, तुम्हाला हे राबाचं काम आवडतं का हो?"

बाबांचा धारेवरचा हात थांबला. "आवडतं? ह्या वयात टहाळ तोडाया झाडावर मीच चढतो ना? हिची मान, माझे गुडघे. गेल्या साली फांदीवरून खाली यायाला मला कडुसं पडलं, दिवस बुडाला."

ताई बघतच राहिली. "कधी बोलला नाय तुमी."

"कुणी इचारलं? ह्यांनी पहिल्या दिशी नऊ प्रश्न इचारले. शेणाचा इचारला, राखेचा इचारला, वाऱ्याचा इचारला." त्यांनी कोयता भिंतीच्या खुंटीला अडकवला. "एक साल. पण वरच्या एका खाचरापुरता राब मी भाजणार, दुसरं तुझ्यात धर. जमिनीवरच्या पालापाचोळ्यात होईल तेवढा. तुझ्या वाफ्याचा भरवसा आला का तो बी सोडीन."

त्या वैशाखात ताईच्या न्हाणीचं पाणी एका चरातून वाफ्यात जायला लागलं. गवत आलं, मी ओळखलं, निदान आलं ते सगळंच गवत आहे हे ठाऊक होतं म्हणून ओळखलं. कुळवलं. पुन्हा आलं, कमी आलं. पुन्हा कुळवलं. जूनमध्ये बी टाकलं. पाटी नाही, सुतळी नाही. वर आलं ते ताईने रोज दोन बोटांनी चोळून बघितलं, आणि अधूनमधून चुकार गवत उपटून टाकलं. एका सकाळी मी लवकर गेलो तर बाबा वाफ्यात बसून पान उलटं चोळत होते. मला बघून उठले. म्हणाले, "राबावानी काळंभोर नाय. मूळ बी थोडं तुटंल. पण हाय, भात हाय."

तिच्या वाट्याची तिन्ही खाचरं वेळेत लागली, तिच्याच रोपाने, एकाच जातीच्या. रोप थोडं उरलं, ते ताईने गेल्या वर्षीच्या त्या पाच घरांत पोचवलं.

पुढे मॅडम आल्या, शेजारच्या दोन वाड्यांतल्या पंधरा-वीस बाया जीपमधून घेऊन. ताईने सगळं दाखवलं. पाणी कुठून सोडायचं, किती दिवसांनी कुळवायचं, बुडखा कसा बघायचा. बाया पान चोळत होत्या, प्रश्न विचारत होत्या. मी बांधावर छत्री धरून उभा होतो. एका बाईने माझ्याकडे बोट केलं आणि ताईला विचारलं, "आन हे सर काय करत्यात इथं?"

ताईने जरा विचार केला.

"ह्यांना आमी वाफ्याशी उभं करून इचारतो, सर, यातलं भात कोणतं. ते दाखवत्यात ते आधी उपटून टाकतो."